मुलाखतीस जाणाऱ्या पुरुष उमेदवारांसाठी प्राथमिक मार्गदर्शन (तळवली विभाग)

हे मार्गदर्शन नवी मुंबईत घणसोलीजवळच्या तळवली गावठाणात राहणाऱ्या आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडच्या काचेच्या इमारतीत नोकरी मागायला निघालेल्या नवशिक्या पुरुषासाठी आहे. अंतर किरकोळ आहे. कपडे मात्र पार विलायतेहून आल्यासारखे दिसले पाहिजेत.

प्रथम शर्ट. पांढरा किंवा फिकट निळा, पूर्ण बाह्यांचा. मागच्या हळदीला सगळ्या मित्रांनी एकसारखा शिवून घेतलेला पिवळा शर्ट कितीही नवा असला तरी चालत नाही. त्या रंगात मुलाखत घेणाऱ्याला उमेदवार दिसत नाही, बँजो पार्टी दिसते. कॉलरचे बटण लावल्यावर आत दोन बोटे जायला हवीत. बोटे जात नसतील तर शर्ट धाकट्या भावाचा आहे, आणि तो दारात उभा राहून तुमचीच वाट बघत असणार.

पँटसाठी बाजारात जाण्याआधी आईचे कपाट उघडावे. तिथे आहेरात आलेले पँटपीस-शर्टपीसचे खोके हमखास असतात. ठाण्यात 1925 साली लोकरीची गिरणी काढणाऱ्या रेमंडच्या नावाचा खोका निघाला, तर आत खरेच रेमंड आहे का, हे आधी पाहावे. आहेराचे खोके आणि त्यातले कापड यांचा संबंध दोन-तीन लग्नांनंतर तुटतो. कापड चांगले निघाले तरी आई ते देईलच असे नाही. ते पुढच्या महिन्यातल्या कोणाच्या तरी साखरपुड्यासाठी राखलेले असते.

आता सोने. चेन, कडे, अंगठ्या उतरवून घरी ठेवाव्यात. समोरच्याच्या वर्षभराच्या पगाराएवढा ऐवज गळ्यात घालून ‘पगार थोडा वाढवून द्या’ म्हणणे शोभत नाही.

कोट हा थंड देशातल्या माणसांनी लोकरीत बेतलेला कपडा आहे. घणसोलीच्या मे महिन्यातला दमटपणा त्यांच्या शिंप्याने पाहिलेला नव्हता. म्हणून कोट हातावर घेऊन जावे आणि इमारतीच्या लॉबीत, एसीखाली, अंगात घालावा. नव्या कोटाच्या पाठीमागच्या चिरेवर दोऱ्याची फुली मारलेली असते. ती दुकानातल्या घडीसाठी असते, शोभेसाठी नव्हे, उसवून टाकावी. बाहीवरचे कंपनीचे लेबलही काढावे. सगळ्यांत खालचे बटण उघडे ठेवतात. का ठेवतात ते विचारू नये. टायचे टोक पट्ट्याच्या बकलापर्यंत यावे. मोजे बुटांच्या किंवा पँटच्या रंगाचे आणि इतके लांब, की खुर्चीत बसल्यावर पोटरी उघडी पडणार नाही. क्रिकेटचे पांढरे मोजे क्रिकेटलाच घालावेत.

पावसाळ्यात कृती बदलते. पँट दोन घड्या वर, पायात रबरी चप्पल, बूट प्लास्टिकच्या पिशवीत. ठाणे-बेलापूर रस्त्यावरचा ट्रक पाणी उडवताना उमेदवार आणि खांब यांत भेद करत नाही. ऐरोलीला जायचे असेल तर ट्रान्स-हार्बरने घणसोलीहून दोनच स्टेशने आहेत. तेवढ्यातही इस्त्रीची वाट लावण्याचे सामर्थ्य सकाळच्या ठाणे लोकलमध्ये आहे. दारात लोंबकळणे तर कोणत्याच कपड्यात करू नये.

निघताना गल्लीतून ‘कं रं, लग्नाला चाल्लास?’ असा प्रश्न येईल. ‘हो’ म्हणावे. मुलाखत सांगितली की संध्याकाळपर्यंत सगळा गाव निकाल विचारतो.

रबाळे एमआयडीसीतल्या कारखान्यात मुलाखत असेल तर वरचे बरेचसे विसरावे. साधा शर्ट, जाड पँट, बंद बूट. फिरत्या मशीनजवळ लोंबता टाय, सैल बाही आणि अंगठी ही अपघाताची कारणे आहेत. ज्याने आयटीआय केले आहे तो हे जाणतो. टाय लावून तो गेला, तर त्याच्या सर्टिफिकेटवरच शंका येईल.

मुलाखत व्हिडिओवर असल्यास कमरेच्या वर शर्ट आणि खाली बर्मुडा चालतो, एका अटीवर: शेजारच्या हळदीचा डीजे सुरू झाला तरी खिडकी लावायला उठायचे नाही.

राहिला गेटवरचा पास. सिक्युरिटीवाला पत्ता विचारतो, ‘तळवली’ ऐकून मान वर न करता लिहितो आणि ‘व्हिजिटर’ लिहिलेला पट्टा गळ्यात घालायला देतो. ही इमारत उभी आहे तो रस्त्याच्या पूर्वेचा भाग साठच्या दशकातच औद्योगिक वसाहतीकडे जाऊ लागला. 1970 मध्ये सिडको आली आणि नव्या शहरासाठी 95 गावांच्या जमिनी घेतल्या गेल्या. म्हणजे आजच्या पार्किंगच्या जागी एके काळी आजोबांचे भातखाचर असल्याचा पूर्ण संभव आहे. पण गळ्यातला पट्टा टायवर सरळ बसेल एवढेच पाहावे. आत गेल्यावर ‘ऑफिस सापडायला त्रास झाला का?’ असे हसून विचारतात. तिथे सातबारा काढू नये. ‘नाही सर’ म्हणावे आणि कोटाचे बटण सोडून बसावे.

शेवटी एक विनंती. पाटील आळीतून मागच्या मुलाखतीला नेलेला काळा टाय ज्याच्याकडे असेल, त्याने तो गाठ न सोडता परत करावा. गाठ बांधता येणारा काका सध्या पुण्याला आहे आणि गुरुवारी दोघांना बोलावणे आले आहे.