करून बघितलंस का?

सर कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतात. निवृत्त विज्ञानशिक्षक. इस्त्रीवाल्यापासून चेअरमनपर्यंत सगळे त्यांना 'सर'च म्हणतात. कचरा नेणाऱ्या मावशींशी त्यांचा तह झालेला आहे: बाटल्या मावशींच्या, झाकणं सरांची. शर्टाच्या खिशात संपलेल्या रिफिली, सायकलच्या ट्यूबचे कापलेले रबर आणि एक भिंग. धुवायला टाकण्याआधी काकू खिसा उलटा करून झटकतात, तरी एकदा चुंबक वॉशिंग मशीनला आतून चिकटलाच.

सरांना सहज म्हणून काही विचारू नये. उत्तर येत नाही, उलटा प्रश्न येतो, "करून बघितलंस का?" माहीत असून न सांगणं हा पुण्यात तसा जुनाच छंद; पण सरांना तुम्हाला कटवायचं नसतं, अडकवायचं असतं. चेअरमननी एकदा एवढंच विचारलं, की वरच्या मजल्यावर पाण्याला जोर का नसतो? सरांनी बाटलीला एकाखाली एक तीन भोकं पाडली, पाणी भरलं आणि चेअरमनना समोर उभं केलं. सगळ्यात खालच्या भोकातली धार सगळ्यात जोरात आली. चेअरमनना दाब कळला, पँट बदलायला घरी जावं लागलं.

रविवारी सकाळी जिन्यात मुलं जमतात. क्लब हाऊस मागून घ्या, असं कुणीतरी सुचवलं तेव्हा सर म्हणाले, "अण्णासाहेब कर्व्यांनी १९०० साली आश्रम याच हिंगण्याच्या माळावर आणला तो झोपडीत. आपल्याला जिना आहे, वर लाइट आहे, फुकट आहे."

मोटार करायच्या दिवशी तर जिन्यातून वाट मिळत नाही. एक सेल, त्याच्या दोन्ही टोकांना ट्यूबच्या रबराने आवळलेल्या दोन सेफ्टी पिना, मध्ये सेलवरच चिकटवलेला चुंबक. तांब्याची एनॅमलची तार सेलभोवतीच गुंडाळून वेटोळं करायचं आणि त्याची दोन टोकं पिनांच्या भोकांतून काढायची. खरी गोम पुढे आहे. एका टोकाचं एनॅमल सगळीकडून खरवडायचं, दुसऱ्याचं फक्त अर्ध्या बाजूचं. उत्साही पोरं दोन्ही टोकं चकाचक करतात आणि वेटोळं थरथरून जागीच बसतं. सर तेव्हाही बोलत नाहीत. दहा मिनिटं, वीस मिनिटं. आया वरून नाश्त्याला हाका मारतायत, सर भिंतीला टेकून शेंगदाणे खातायत. मग एखादी मुलगी नवी तार घेते, अर्धीच खरवडते, बोटाने जरा ढकलते आणि वेटोळं भिरभिरायला लागतं. अर्ध्या फेरीत करंट लागतो, उरलेली अर्धी फेरी ते आपल्या वेगावर मारतं, हे मग तीच बाकीच्यांना सांगते.

या सगळ्यामागचं सरांचं दैवत म्हणजे अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरचा इंजिनिअर, टेल्कोतली नोकरी, आणि माणूस रमला काडेपेटीच्या काड्या नि व्हॉल्व्ह ट्यूबमध्ये! १९७२ साली मध्य प्रदेशात होशंगाबादला खेड्यातल्या शाळांत हाताने प्रयोग करत विज्ञान शिकवायचा उपक्रम सुरू झाला होता, तिथे ते जाऊन राहिले. पुढे आपल्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी वर्षानुवर्षं कचऱ्यातून खेळणी करून दाखवली. शोधिका उभी राहिली ती पुलंच्या कुटुंबाच्या देणगीतून, हे सांगताना सरांचा आवाज घरचं कार्य असल्यासारखा होतो. २०१८ साली गुप्तांना पद्मश्री मिळाली तेव्हा जिन्यात पेढे वाटले ते सरांनी.

सरांचा एकच नियम आहे, "दिसलं ते लिही." या नियमापायी एकदा वादळ झालं. काकूंच्या चहाच्या पातेल्यात थर्मामीटर धरून मुलांनी पाणी उकळलं. पारा ९८ च्या आसपास येऊन थांबला, पुढे सरकेना. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटर उंच, हवेचा दाब कमी, म्हणून पाणी आधीच उकळतं. आठवीतल्या एका चिरंजीवांनी परीक्षेत 'पुण्यात ९८' असं ठणकावून लिहिलं आणि अर्धा गुण घालवला. आई पेपर घेऊन तणतणत दुसऱ्या मजल्यावर. सरांनी शांतपणे चश्मा लावला, उत्तर वाचलं, पेपरवर लाल पेनने स्वतःचा अर्धा गुण दिला आणि खाली सही केली. बाई महिनाभर बोलल्या नाहीत. धाकटीला मात्र पुढच्या जूनपासून जिन्यात पाठवायला लागल्या.

त्रास आम्हा सगळ्यांनाच आहे. मध्यंतरी तिसऱ्या मजल्याच्या कठड्यावरून तळापर्यंत नऊ मीटर दोरी सोडून सरांनी लंबक टांगला होता. एका हेलकाव्याला सहा सेकंद. भाजीच्या पिशव्या घेऊन आलेल्या आजींना पोरांनी अडवलं, "आजी, दहा होऊ द्या!" आजी मिनिटभर थांबल्या, आणि मग पिशव्या खाली ठेवून म्हणाल्या, "नऊच झाले, मी मोजत होते." सरांनी पुन्हा पहिल्यापासून मोजायला लावलं. दुधी, मेथी सगळं तिथेच.

आणि हो, १३ मेच्या सुमारास पुण्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो. दुपारी साडेबाराच्या आसपास सरळ उभ्या बाटलीची सावली नाहीशी होते. जुलैअखेरीस असा दिवस पुन्हा येतो, पण तो बहुतेक ढगात जातो, त्यामुळे मे चुकवू नका. त्या दिवशी आमची गच्ची उघडी असते. चप्पल घालूनच या, फरशी भाजते. ती किती भाजते हे मात्र सरांना विचारू नका.