घोरतोय, म्हणजे झोपलाय!

आपल्याकडे घोरणाऱ्याचा केवढा मान! ‘दमलेत हो, बघा कसे गाढ झोपलेत,’ म्हणत घरचे टीव्हीचा आवाज कमी करतात. मध्येच गडगडाट बंद पडतो. चार सेकंद, आठ, दहा... बायको उशीवरून डोकं उचलून बघते. मग गुदमरल्यासारखा एक मोठ्ठा ‘खर्रर्र’ आणि गाडी पुन्हा सुरू.

डॉक्टर याला स्लीप ॲप्निया म्हणतात आणि चक्क मोजतात. श्वास किमान १० सेकंद थांबणं किंवा मंदावणं, असं तासाला ५ वेळा झालं तर दखल. ३० वेळा म्हणजे गंभीर. दर दोन मिनिटांनी गळा आवळला जातोय आणि आवळणारा घरचाच! झोपेत घशाचे स्नायू सैल पडतात, उताणं झोपलं की जीभ मागे सरकते, मानेतली चरबी वाट आणखी अरुंद करते. म्हणून पोटाबरोबर कॉलरही मोजा. पुरुषांची १७ इंचांवर आणि बायकांची मान १६ इंचांवर गेली, की धोका वाढला.

‘झोप छान लागते’ म्हणून घेतलेला पेग? लागते खरी, पण घसाही तिच्याबरोबर लोळागोळा होतो. सिगारेट तोच घसा सुजवते. बारीक मंडळींनी हसू नये. जबडा लहान किंवा मागे गेलेला असला तरी पुरतं. पाळी गेल्यावर बायकांचाही धोका वाढतो, पण बाई घोरते हे डॉक्टरला सांगायचं कुणी? ती दिवसा पेंगली की ‘बी-ट्वेल्व्ह कमी असेल’. टॉन्सिल-ॲडेनॉइड वाढलेलं पोर तोंड उघडं टाकून घोरतं, तेव्हा आजी कौतुकानं म्हणते, ‘अगदी बापावर गेलंय!’

संगीतकार बप्पी लाहिरी २०२२च्या फेब्रुवारीत गेले. डॉक्टरांनी कारण स्लीप ॲप्नियाच सांगितलं. आपण चर्चा केली त्यांच्या अंगावरच्या सोन्याची.

उपाय आहे. हवेच्या दाबानं घसा उघडा ठेवणारं सीपॅप यंत्र ऑस्ट्रेलियाच्या कॉलिन सुलिव्हन यांनी १९८१ साली जगासमोर आणलं. आमच्या ओळखीच्या एका साहेबांनी ते घेतलंसुद्धा. मास्क लावला की माणूस आजारी दिसतो, एवढीच त्यांची तक्रार. त्यामुळे पाहुणे येणार म्हटलं की यंत्र आधी माळ्यावर जातं. पाहुणे हॉलमध्ये रात्रभर टक्क जागे.