अकरा देवांचे नाझर

प्रेक्षणीय स्थळी गर्दीच्या ऐन दिवशी जावयाचे आणि तेथे पोहोचल्यावर गर्दीविषयी मनःपूर्वक तक्रार करावयाची, हे व्रत निष्ठेने पाळणारा एक सद्गृहस्थवर्ग आपल्या समाजात फार पूर्वीपासून नांदत आला आहे. पावसाळ्यातल्या रविवारी चिखलदऱ्याच्या घाटात मोटारींच्या रांगेत अडकला असता काच खाली करून शेजारच्या मोटारीतल्या अनोळखी इसमास "एवढे लोक इकडे येतात तरी कशाला?" असा जो प्रश्न विचारतो, नागपंचमीच्या सुमारास नागद्वारच्या वाटेवर शेकडो पाठींमागे पाऊल टाकीत असताना ज्याला एकांताची अनिवार तहान लागते, आणि दिवाळीच्या सुटीत महाबळेश्वरास जाऊन "आता इथे पूर्वीची शांतता उरली नाही" ह्या कारणास्तव जो हॉटेलवाल्याकडे भाड्यात सूट मागतो, तो ह्याच वर्गाचा सभासद होय. भोवताली दिसतात ते सर्व लोक म्हणजे गर्दी आणि आपण एकटे तेवढे प्रेक्षक, हा ह्या वर्गाचा मूलभूत सिद्धान्त आहे. आणि शेजारच्या मोटारीतला इसमही नेमका हाच सिद्धान्त उराशी बाळगून बसलेला असल्यामुळे त्या दोघांचे संभाषण पहिल्या दोन वाक्यांतच परम सौहार्दाचे होते.

आमच्या परिचयाचे एक सेवानिवृत्त नाझर ह्या वर्गाचे भूषण आहेत. समन्स बजावणे, जप्त मालाची मोजदाद करणे, बेलिफांच्या अहवालांची रुजुवात घेणे, ह्या कामी हयात घालविलेल्या ह्या गृहस्थांनी पर्यटनास आरंभ केला तो निवृत्तीनंतर. परंतु दफ्तर सुटले तरी दफ्तरी सुटली नाही, ह्या न्यायाने प्रत्येक स्थळ त्यांच्या दृष्टीने एक प्रलंबित प्रकरण असते आणि ते निकालात काढल्यावाचून त्यांस जेवण गोड लागत नाही. त्यांच्यापाशी एक जाडजूड वही असून तीत अनुक्रमांक, स्थळ, बांधणाऱ्याचे नाव, लांबी-रुंदी-उंची आणि शेरा असे रकाने आखलेले आहेत. शेवटचा रकाना तांबड्या शाईचा. 'ताजमहाल. पाहिला. फरशी तापते.' 'कन्याकुमारी. सूर्यास्त ढगांमुळे तहकूब.' अशा नोंदींनी ती वही समृद्ध झाली आहे. गर्दीच्याच दिवशी का जावयाचे, ह्याचेही त्यांच्यापाशी समर्पक उत्तर आहे. ज्या तारखेस सारे पक्षकार झाडून हजर राहतात ती तारीख महत्त्वाची असलीच पाहिजे. आणि रिकाम्या स्थळी जाणे म्हणजे सुटीच्या दिवशी कचेरीत जाऊन काम झाले असे सांगण्यासारखे आहे, असे ते म्हणतात.

ह्या तत्त्वास अनुसरूनच त्यांनी चीनच्या प्रवासास ऑक्टोबरचा पहिला आठवडा पसंत केला. 1 ऑक्टोबर 1949 रोजी चीनचे लोकसत्ताक राज्य घोषित झाले. त्या दिवसाला लागून आठवडाभर सुटी देण्याची पद्धत तेथील सरकारने 1999 साली सुरू केली, आणि तेव्हापासून त्या आठवड्यात ते विशाल राष्ट्र जणू एकमताने घराबाहेर पडते. शांघायला नानजिंग मार्गाने नदीकाठच्या प्रसिद्ध रस्त्याकडे जाताना नाझरसाहेबांना पर्यटनाचा परमोत्कर्ष पाहावयास मिळाला. त्या चौकात माणसे आवरण्यास सिग्नलचे दिवे पुरे पडत नाहीत म्हणून गणवेशातील जवानांची एक सलग भिंत उभी करतात. दिवा तांबडा झाला की ती भिंत सरकत येऊन वाट बंद करते, हिरवा झाला की दुभंगून वाट मोकळी करते. नाझरसाहेब ह्या बंदोबस्तावर निहायत खूश झाले. हुआंगपू नदीच्या एका काठी जुन्या युरोपीय पेढ्यांच्या दगडी इमारती आणि पैलतीरी 632 मीटर उंचीचा शांघाय मनोरा, असे ते जगप्रसिद्ध दृश्य. परंतु त्यांच्या भ्रमणध्वनीतल्या छायाचित्रांत मात्र उंचावलेले अगणित भ्रमणध्वनी दिसतात आणि त्या प्रत्येकाच्या इवल्या पडद्यावर तो मनोरा असतो. वहीत नोंद झाली : 'शांघाय. पाहिले. लोक फार. बंदोबस्त अनुकरणीय.' तेथे त्यांची गणना झाली ती एका आकड्यापुरती, ह्याचा त्यांना विषाद वाटल्याचे दिसले नाही. उलट आपण सोडून बाकीच्यांची गणना झाली असाच त्यांचा समज होता.

अशा पुरुषाने माघ पौर्णिमेस कचारगडची यात्रा करण्याचे ठरविले, तेव्हा त्यांच्या पत्नी, ज्यांना आम्ही वहिनी म्हणतो, त्यांनी पाण्याची बाटली आणि तिळाचे लाडू बांधून घेतले, नाझरसाहेबांनी पंधरा मीटरांची टेप घेतली, आणि आम्ही केवळ कुतूहल घेऊन निघालो. गोंदियाहून डोंगरगडच्या बाजूस जाणाऱ्या हावड्याच्या लोहमार्गावर, सालेकसा तालुक्यात, दरेकसा नावाचे लहानसे स्थानक आहे. गाडीत नाझरसाहेबांनी प्रकरणाचे वाचन केले. 1 मे 1999 रोजी भंडारा जिल्ह्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि त्याच वर्षी चीनमध्ये तो सुटीचा आठवडा सुरू झाला, ह्या दोन घटनांमध्ये काहीतरी संबंध असला पाहिजे असे त्यांस वाटत होते. तो कोणता हे सांगण्याआधीच दरेकसा आले. हाजरा धबधबा येथून जवळच आहे असे कळताच तोही ह्याच फेरीत निकालात काढण्याची त्यांनी इच्छा प्रदर्शित केली, आणि धबधब्याचा खरा दिमाख पावसाळ्यात असतो असे एका सहप्रवाशाने नम्रपणे निदर्शनास आणले असता, "मग सुटी पावसाळ्यातच का देत नाहीत?" असा प्रतिप्रश्न केला.

कचारगडच्या पायथ्याचे गाव धनेगाव. तेथून डोंगराच्या गुहेपर्यंतची वाट त्या दिवशी पिवळी झालेली असते. पिवळे फेटे, पिवळ्या साड्या, पिवळी उपरणी, मध्येच फडफडणारे सप्तरंगी ध्वज, 'जय सेवा' असा परस्परांना घातलेला जोहार, आणि नगाऱ्यांचा अखंड नाद. महाराष्ट्र, मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगणातून गोंड कुळे येथे जमतात, कारण त्यांच्या परंपरेप्रमाणे त्यांच्या धर्माचा, कोया पुनेमचा, उगम ह्याच डोंगरात आहे. काली कंकाली मातेची तेहतीस मुले ह्या गुहेत कोंडली गेली आणि दारावर प्रचंड शिळा बसविली गेली. जंगो रायतारने त्यांच्यासाठी जिवाचे रान केले, पारी कुपार लिंगोने मार्ग दाखविला, आणि हिरासुका पाटालीर ह्या वादकाच्या सुरांनी आतल्या मुलांच्या अंगी असे बळ संचारले की शिळा ढळली. मुले सुटली, परंतु वादक त्या शिळेखाली गेला. पुढे लिंगोने त्या मुलांना धर्म शिकविला आणि त्यांच्यापासून साडेसातशे गोत्रांचा विस्तार झाला. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप ह्यांनी गोंड गायकांकडून मिळविलेली लिंगोची कथा त्यांच्या मृत्यूनंतर 1866 साली रिचर्ड टेंपल ह्यांनी छापून प्रसिद्ध केली, आणि अलीकडच्या काळात गोंडी भाषेचे व संस्कृतीचे अभ्यासक मोतीरावण कंगाली ह्यांनी हे सारे कथाधन पुन्हा समाजाच्या हाती दिले. वाटेवर दुतर्फा चहा-आलुबोंड्याच्या दुकानांच्या जोडीला गोंडी भाषेच्या व इतिहासाच्या पुस्तकांच्या आणि कॅलेंडरांच्या दुकानांची रांग लागते, आणि तेथे आलुबोंड्याच्या दुकानाइतकीच दाटी असते. हे दृश्य आमच्या पाहण्यातल्या अन्य कोणत्याही यात्रेत आम्हांस आढळलेले नाही.

नाझरसाहेबांचे ह्यांपैकी कशाकडेही लक्ष नव्हते. गुहेकडे जाणाऱ्या चढणीवर त्यांनी आपली ठेवणीतली तक्रार उपस्थित केली. "एवढे लोक इकडे येतात तरी कशाला?" हे त्यांचे वाक्य चिखलदऱ्यापासून शांघायपर्यंत बिनतोड ठरले होते. परंतु येथे त्यांच्या शेजारून चालणाऱ्या, खांद्यावर नातवाला बसविलेल्या एका वृद्धाने थांबून, ती खरोखरच विचारणा आहे असे समजून, उत्तर दिले. "आमचे सारेच इथून निंघाले जी. म्हनून येतो." तक्रारीस उत्तर मिळण्याचा हा प्रसंग नाझरसाहेबांच्या आयुष्यात नवा होता. त्यांनी पुढील तपासाच्या अधीन राहून विषय तहकूब केला.

ही गुहा आशिया खंडातील सर्वांत मोठ्या नैसर्गिक गुहांपैकी एक आहे, असे त्यांच्या कानी कोणीतरी घातले होते, आणि पुराव्यावाचून कोणतेही विधान मान्य करणे त्यांच्या स्वभावात नव्हते. व्हिएतनाममधली सोन डूंग ही गुहा जगात सर्वांत मोठी गणली जाते आणि व्हिएतनाम आशियातच मोडतो, हा मुद्दा त्यांनी आधीच टिपून ठेवला होता. तेव्हा गुहेच्या तोंडापाशी पोहोचताच त्यांनी टेपचे एक टोक आमच्या हाती दिले, दुसरे आपल्या हाती धरले, आणि ते मागे सरकू लागले. परिणाम मात्र त्यांना अभिप्रेत नव्हता तसा झाला. वर चढून येणारी माणसे ती ताणलेली पिवळी पट्टी दिसताच अलीकडेच शिस्तीने थांबली, आतून परतणारी पलीकडे थांबली, आणि इतका वेळ आवाज देऊन देऊन घसा बसलेल्या एका तरुण स्वयंसेवकाने कृतज्ञतेने हात जोडले. "काकाजी, मस्त काम केलं. आता अशीच धरून राहा जी. मी म्हनलं का सोडा, मी म्हनलं का धरा." शांघायच्या चौकात ज्या भिंतीची नाझरसाहेबांनी मुक्तकंठाने प्रशंसा केली होती, ती भिंत होण्याचा योग अशा रीतीने त्यांच्या वाट्यास आला, आणि हुकूम मिळाला असता त्याची तामिली करावयाची, हा संस्कार हाडीमांसी खिळलेला असल्यामुळे, गुहेचे मोजमाप तसेच सोडून ते टेप धरू आणि सोडू लागले.

एकदा धरलेल्या टेपच्या अलीकडे एक म्हातारी येऊन टेकली. तिने नाझरसाहेबांना आपादमस्तक न्याहाळले आणि ह्या यात्रेत दोन अनोळखी माणसे भेटली असता जी चौकशी स्वाभाविक असते ती केली.

"कोन गावचे जी तुमी?"

नाझरसाहेबांनी गाव सांगितले.

"किती देवाचे?"

हा प्रश्न त्या समाजात अत्यंत मोलाचा आहे. गोंडांची कुळे चार देवांची, पाच देवांची, सहा किंवा सात देवांची अशी विभागलेली असतात. ज्यांच्या देवांची संख्या सारखी ती एकमेकांची भाऊबंद ठरतात आणि सोयरीक संख्या वेगळी असलेल्या कुळात करावी लागते. सबब, ह्या एका आकड्यावरून समोरचा माणूस आपला भाऊ की व्याही हे तत्काळ कळते. नाझरसाहेबांना ह्यातले काहीच अवगत नव्हते. परंतु आकडा विचारला असता तो अचूक सांगणे हे त्यांचे आजन्म कर्तव्य होते. त्यांनी डोळे मिटून घरचे देवघर आठवले. बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गणपती, शाळिग्राम, बाण, कुलदेवतेचे टाक, असे बोटांवर मोजीत ते क्षणभर थांबले, वहिनींनी शंखाची आठवण करून दिली, आणि त्यांनी निर्णय दिला.

"अकरा."

म्हातारी विचारात पडली. तिने शेजारणीला बोलाविले, शेजारणीने आपल्या दिराला, आणि अल्पावधीतच टेपच्या दोन्ही बाजूंच्या मंडळींचे एक अनौपचारिक न्यायपीठ स्थापन झाले. सातांपलीकडे कोणाचे देव ऐकिवात नव्हते. एकाने सुचविले की ही बामणांची देवघरातली मोजणी असणार, तिचा इथे उपयोग नाही; त्यावर मोठा हशा झाला. परंतु पाहुणा मोकळा सोडणे म्हातारीस मान्य नव्हते. ह्याचे देव आपल्यापैकी कोणाशीच जुळत नाहीत, तस्मात हा कोणाचाच भाऊबंद नाही. आणि जो कोणाचाच भाऊबंद नाही तो सर्वांचाच सोयरा होऊ शकतो, असा निवाडा तिने दिला. सोयऱ्याला उपाशी ठेवता येत नाही. वहिनींच्या ओटीत कोणीतरी भाकर आणि लाखोरीच्या डाळीचे वडे घातले, वहिनींनी तिळाचे लाडू वाटले, आणि नाझरसाहेब टेपचे टोक गुडघ्याखाली दाबून ठेवून सर्वांच्या देखत वडे खाते झाले. एरवी प्रेक्षणीय स्थळी घरच्या डब्याखेरीज पाणीही न घेणारा हा पुरुष तिसऱ्या वड्यास नको म्हणाला नाही.

परतीच्या गाडीत वही उघडली गेली. लांबी-रुंदी-उंची हे तिन्ही रकाने रिकामे राहिले, ही त्या वहीच्या इतिहासातली अभूतपूर्व गोष्ट. शेऱ्याच्या रकान्यात तांबड्या शाईने त्यांनी 'पाहिले' असे लिहिले, खोडले, पुन्हा लिहिले, आणि अखेर त्यापुढे कंसात 'पाहिले गेलो' अशी भर घातली. आम्ही ती नोंद वाचली हे त्यांच्या ध्यानात येताच वही मिटली गेली.

आता त्यांचा स्वभाव पालटला असेल असा वाचकांचा समज झाला असल्यास तो दूर करणे आमचे कर्तव्य आहे. स्वभाव तोच राहिला. फक्त त्यांनी पक्ष बदलला. पुढल्या माघ पौर्णिमेची तयारी त्यांनी पौषातच सुरू केली, आणि आमच्याकडे येऊन चिंतातुर मुद्रेने सांगितले, की कचारगडला अलीकडे केवळ पाहण्यासाठी येणारे लोक फार वाढले आहेत, त्यांना कोणाशी काही देणेघेणे नसते, छायाचित्रे काढून ते चालते होतात, आणि त्यामुळे आमच्या माणसांची कुचंबणा होते. 'आमच्या माणसांची' ह्या शब्दांवर त्यांचा आवाज किंचित चढला. ह्याविषयी त्यांनी यात्रेच्या व्यवस्थापकांस द्यावयाचा एक अर्जही तयार केला असून त्याची नक्कल आमच्या पाहण्यात आली. रांगेसाठी पंधराऐवजी तीस मीटरांच्या दोन टेपा अर्जदार स्वखर्चाने पुरवील, हे कलम पहिले. टेप धरण्याचे काम अनुभवी इसमाकडेच असावे, हे दुसरे. तिसरे कलम येणेप्रमाणे : 'निव्वळ पाहण्याच्या उद्देशाने येणाऱ्या इसमांस गुहेकडे सोडण्यापूर्वी त्यांच्या देवांची संख्या विचारून घ्यावी, ज्यांस ती सांगता येणार नाही, त्यांस गर्दी समजावे.'