गॅरंटी त्रेचाळीसपर्यंत

(चंद्रपूर जिल्ह्यात ‘पहाडावर’ म्हटलं की जिवती. गडचांदूरची सिमेंटची धूळ मागे टाकून घाट चढला की माणिकगडचा पहाड लागतो. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातून उठून आलेली बरीच घरं इथे आहेत. म्हणून दुकानदार नांदेडकडचं बोलतो आणि खालून आलेला मेकॅनिक चांद्याचं. महाराष्ट्र आणि तेलंगणा ही दोन्ही राज्यं ज्यांच्यावर हक्क सांगतात अशी चौदा गावं याच पहाडावर आहेत. त्यातल्या एका गावात पत्र्याचं दुकान, दुकानात डीप फ्रीझर. नवतप्याचा तिसरा दिवस, सकाळचे नऊ. बाकड्यावर एक गुरुजी आणि बिडी ओढणारा एक आजोबा. दोघांनाही काही विकत घ्यायचं नाही.)

दुकानदार : या, या. चार दिवस झाले फोन लावायलोय. गॅस आणलाव का?

मेकॅनिक : पयले पाणी पाजा, भाऊ. घाटात गाडी तापली, तिच्या वरतून मी तापलो.

दुकानदार : पाणी हाय, पर गरम हाय. म्हणून तर बोलावलंय तुम्हाला.

आजोबा : (दाराशी ठेवलेल्या माठाकडे बिडी दाखवत) ते घे.

मेकॅनिक : (दोन पेले रिचवून) हं. काय झालं मशीनले?

दुकानदार : गॅस संपला.

मेकॅनिक : कोनं सांगतलं?

दुकानदार : सांगायला कशाला पाहिजे कुणी? गाडी थांबली की पेट्रोल संपलं, चूल विझली की लाकूड संपलं, फ्रीज थंड करंना की गॅस संपला.

मेकॅनिक : गाडी पेट्रोल जाळते, भाऊ. फ्रीज गॅस जाळत नाई. तोच गॅस नळीत गोल गोल फिरते, दहा-दहा वर्षं फिरते. कमी झाला मंजे कुठं तरी भोक हाये.

दुकानदार : मागच्या दोन उन्हाळ्यांत दोघं येऊन गेले. दोघांनी गॅस भरला, दोघांनी पैसे नेले.

मेकॅनिक : अन् भोक?

दुकानदार : भोकाचं कुणी इचारलंच न्हाई.

गुरुजी : निदान न करता औषध. आमच्याकडे सर्दीलाही सलाइन लावतात.

(मेकॅनिक बटण दाबतो. कॉम्प्रेसर ‘हूंऽऽ’ करतो, आठ-दहा सेकंद कण्हतो आणि ‘टक्’ आवाज करून गप्प होतो.)

दुकानदार : दिवसभर ह्येच करायलंय. मला वाटलं सवय असंल.

मेकॅनिक : (मीटर लावून) एकशे साठ. दोनशे तीस पाहिजेत नं! उठाले जोर पुरत नाई, करंट ओढते, तापते, मंग टक् करून बंद पडते. टक् करते म्हणून जित्तं हाये. नाई तं कवाचं जळलं असतं. स्टॅबिलायझर नाई घेतला?

दुकानदार : घेतलाय की. टीव्हीला लावलाय.

मेकॅनिक : अन् फ्रीझरले?

दुकानदार : त्याला उदबत्ती लावतो रोज.

गुरुजी : गंमत बघा. दुर्गापूरचं औष्णिक केंद्र आपल्याच जिल्ह्यात. २९२० मेगावॅट. महानिर्मितीचं सगळ्यात मोठं.

मेकॅनिक : कोळसा आपला, राख आपली, ऊन आपलं. व्होल्टेज तेवढं पाव्हण्यासारखं येते. लाइनीच्या शेंड्यावर गाव हाये तुमचं, गुरुजी. तार जितकी लांब, तितकं वाटेत सांडते.

दुकानदार : मी काय म्हणतो, इथं समदं दोन-दोन हाय. रेशनकार्ड दोन, मतदानाचं कार्ड दोन, सरपंच दोन, शाळा दोन. मग एकशे साठ हिकडून घ्यावं, सत्तर तिकडून घ्यावं. झालं का न्हाई दोनशे तीस?

मेकॅनिक : (हात जोडून) राजेहो, असं करजा नका. दोनी राज्यांत अंधार होईन.

(मेकॅनिक फ्रीझर भिंतीपासून ओढतो. तो भिंतीला इतका चिकटवलेला आहे की मागे हवा सोडा, पालही आडवी होऊनच जात असावी. मागून निघतं ते असं : एक डावी चप्पल, वाळलेली पाल, उंदरानं कुरतडलेली वायर, कापसाच्या पिंजणासारखा धुळीचा थर, आणि लाल पुठ्ठ्याची एक वही.)

दुकानदार : (वही छातीशी धरून) आगं माझे आई! उधारीची वही! दोन वर्षं झाली शोधायलोय!

(बाकड्यावर शांतता. आजोबा बिडी विझवून कानामागे ठेवतो. गुरुजींना मोबाइलवर काहीतरी तातडीचं आठवतं.)

मेकॅनिक : वही मंग वाचा. हे पाहा पयले. ही जाळी. हिच्यावर बोटभर गोधडी पांघरली हाये धुळीची. काय काम हाये हिचं, सांगा.

दुकानदार : थंड करायचं.

मेकॅनिक : नाई! अख्ख्या जिल्ह्याची हेच चूक हाये. फ्रीज थंडी बनवत नाई. थंडी नावाचा माल कोनत्याच कारखान्यात निंगत नाई. फ्रीज आतली गरमी उचलते अन् ह्या जाळीतून भायेर फेकते.

दुकानदार : म्हणजे हमाल.

मेकॅनिक : हमालच! आता हमालाले गोनी टाकाले जागा नाई भेटली तं? दुपारी भायेर पंचेचाळीस. गरमी उतारानं जाते, जास्त तापल्याकडून कमी तापल्याकडं. मंजे ही जाळी पंचावन-साठच्या घरात तापाले पाहिजे, तवा भायेरची हवा तिची गोनी घेईन. तुम्ही जाळी भिंतीले लावली, वरतून गोधडी, वरतून पत्रा. हमाल गोनी डोक्शावर घेऊन चार दिवसांचा उभा हाये.

दुकानदार : आमच्या गावाच्या उलटंच की. गावावर दोन राज्यं हक्क सांगायलेत, आन ह्या गरमीला कुणी घ्यायला तयार न्हाई.

आजोबा : माठाले जाळी नाई लागत.

मेकॅनिक : लागते, आजोबा. माठाची भोकं हेच त्याची जाळी. पाणी पाझरते, सुकते, सुकता सुकता गरमी घेऊन जाते. तुमचा जुना माठ थंड कायले करत नव्हता? भोकं बुजली होती. अन् पावसाळ्यात कायले करत नाई? हवेतच पाणी असते, सुकंन कुठं? कूलरचं तेच. चांद्यात मे महिन्यात कूलर असा चालते का काश्मीर वाटावं. मिरग लागला की त्याच कूलरातून धोबीघाटाची हवा येते. मंग लोक मले फोन करतात : कूलरमंदी गॅस भरून द्या!

गुरुजी : (वहीवरून विषय लांब नेण्याची संधी साधून) मुळात हा सगळा खटाटोप माणसासाठी नव्हताच. १९०२ साली अमेरिकेत ब्रुकलिनच्या एका छापखान्यात दमट हवेनं कागद फुगायचा, रंग एकावर एक बसायचे नाहीत. तेव्हा विलिस कॅरिअर नावाच्या तरुण इंजिनिअरनं हवा कोरडी आणि गार करायचं यंत्र आखलं. एसीचा जन्म तो.

मेकॅनिक : मंजे पयले कागदाले गार केलं, मंग मानसाले.

गुरुजी : सरकारी कचेरीत अजून तोच क्रम आहे. आणि त्याच्याही आधी, १८३४ च्या सुमारास, अमेरिकेतल्या तळ्यांचा बर्फ गलबतात भरून मुंबईला यायला लागला. सांगतात की जमशेटजी जिजीभॉय यांनी मेजवानीत आइस्क्रीम दिलं आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली.

दुकानदार : अमेरिकेहून मुंबईला बर्फ आला, आन गडचांदूरहून पहाडावर कांडी येईस्तोवर सरबत व्हायलंय. गुरुजी, वहीत तुमचं पान बारावं हाय.

(गुरुजी गप्प. मेकॅनिक फ्रीझरच्या आतल्या पत्र्यावर टॉर्च मारतो.)

मेकॅनिक : हे ओरखडे कायचे, भाऊ?

दुकानदार : कशाचे म्हणजे? बर्फ साचतो लई. वीतभर. काढावा लागतो.

मेकॅनिक : कायनं?

दुकानदार : ...सुरीनं. कवा कवा पेचकस.

मेकॅनिक : (कपाळावर हात मारून) राजा, ह्या पत्र्याच्या मांगंच नळी हाये! तुम्ही बर्फ खरवडून नाई राह्यले, पोट फाडून राह्यले मशीनचं!

(इथे पाच मिनिटं कोणी बोलत नाही, आणि खरं काम याच पाच मिनिटांत होतं. मेकॅनिक नळीत नायट्रोजनचा दाब भरतो. वाटीत कपड्याचा साबण घोळतो, दाढीचा जुना ब्रश बुडवतो आणि ओरखड्यांवरून आजारी लेकराच्या पाठीला तेल लावावं तसा फिरवतो. फेस बसतो. तिसऱ्या ओरखड्यावर मात्र एक फुगा हलतो. मोहरीएवढा, मग वाटाण्याएवढा, मग फुटतो. त्याच जागी दुसरा.)

मेकॅनिक : (हळूच) हे पाहा. दोन उन्हाळ्यांचे पैसे इथून गेले.

(चौघेही वाकून फुगा बघतात. गावात एवढ्या एकमतानं काही बघितलं गेल्याचं आजोबाला आठवत नाही.)

दुकानदार : भोक बुजवा, गॅस भरा, विषय संपला. किती लागंल गॅस?

मेकॅनिक : (मशीनवरची पाटी पुसून) ऐंशी ग्रॅम.

दुकानदार : ऐंशी किलो?

मेकॅनिक : ग्रॅम. आर-२९०. मंजे प्रोपेन.

दुकानदार : ऐंशी ग्रॅमचे पैसे एवढे? सोनं हाय का वेलदोडे?

गुरुजी : प्रोपेन म्हणजे तुमच्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. त्या सिलिंडरमध्ये प्रोपेन आणि ब्यूटेनच असतात.

(हे वाक्य गुरुजींनी बोलायला नको होतं. दुकानदार आत जातो आणि लाल सिलिंडर गडगडवत बाहेर आणतो.)

दुकानदार : घ्या! परवाच भरलेला हाय. ऐंशी काय, शंभर ग्रॅम घ्या. बिलात फक्त हात चालवल्याचे लावा.

मेकॅनिक : ठेवा! ठेवा मांगं! भाऊ, त्यात ओल असते, गाळ असते, वास याले पाहिजे म्हणून मुद्दाम घाण मिसळली असते. इथं केसासारखी बारीक नळी हाये, कॅपिलरी. ओल गेली की आतमंदी बर्फ होऊन नळीच बुजते. हा गॅस कोरडा, सोवळ्यातला. अन् भडकते तो बी तसाच. म्हणून मी आता सगळे दारं उघडतो, अन् आजोबा, कानामागची बिडी भायेर.

आजोबा : इझली हाये.

मेकॅनिक : इझली असू द्या. बाकीची बी भायेर. बंडलासकट.

(भोकावर डाग बसतो, फिल्टर बदलला जातो, व्हॅक्यूम पंप तासभर घरघरतो. त्या तासात मेकॅनिक ब्रशनं जाळीची गोधडी काढतो, आणि ती निघते तेव्हा दुकानदार म्हणतो की ह्यात उशी भरून होईल. स्टॅबिलायझर टीव्हीकडून फ्रीझरकडे येतो. आतून बायकोचा आवाज येतो, तो इथे देत नाही.)

दुकानदार : मला एक सांगा. आमचा पहाड चंद्रपूरपेक्षा थंडच की. मग माझीच मशीन कामून दमायली?

मेकॅनिक : पहाड थंड हाये, तुमचा पत्रा नाई. हे पाहा, पत्र्याखाली हात धरा. अन् ही पाटी वाचा. इथं ‘टी’ लिहिलं हाये.

दुकानदार : टी म्हणजे तेलंगणा! तरी मी तवाच म्हणलं, तिकडचा माल हिकडं...

मेकॅनिक : टी मंजे ट्रॉपिकल! मशीनची जात हाये ते. ‘एन’ जातीची बत्तीस डिग्रीपर्यंत चालते, ‘एसटी’ जातीची अडतीस, ‘टी’ जातीची त्रेचाळीस. ह्याच्यावरची जात बनवणाऱ्याइनं पाटीवर लिहिलीच नाई.

गुरुजी : आणि चंद्रपूरला २००७ च्या जूनमध्ये पारा एकोणपन्नासला गेला होता.

दुकानदार : मग वरच्या सहा डिग्री कुणी बघायच्या?

मेकॅनिक : मी. होळीपासून मिरगापर्यंत मले जेवाले टाइम नसते ते कायच्यानं? मोहर्लीकडच्या जंगलातल्या रिसॉर्टवाल्यांचे फोन : साहेब लोक आले, एसी फक्त हवा फेकून राह्यला. आता साध्या एसीचं मोजमाप करतात भायेर पस्तीस धरून. आपल्याकडं पस्तीस कवा असते? पहाटे. मी त्याइले म्हनतो, वाघ पाहा नं. थो दुपारी पाणवठ्यात जाऊन बसते. त्याले गॅस भरा लागत नाई.

आजोबा : त्याले उधारी बी नाई.

(ऐंशी ग्रॅम गॅस काट्यावर मोजून आत जातो. काटा सोन्याच्या दुकानातला वाटावा इतका लहान आहे आणि दुकानदार तो हलतो का म्हणून श्वास धरून बसला आहे. बटण. ‘हूंऽऽ’. सगळे ‘टक्’ची वाट बघतात. टक् होत नाही. ‘हूं’ चालूच राहतं. थोड्या वेळानं आतल्या पत्र्यावर बोटाच्या पेरापेरानं पांढरं दव चढतं.)

दुकानदार : चाललं की! ओ, चाललं!

मेकॅनिक : भिंतीपासून वीतभर दूर ठेवा. वरतून पत्र्यावर पऱ्हाट्या टाका. गरम बाटल्या एकदम शंभर भरू नका, दहा-दहा टाका. अन् सुरी?

दुकानदार : सुरी घरात.

मेकॅनिक : बर्फ झाला तं?

दुकानदार : बंद करायचं, झाकण उघडायचं, आपोआप गळू द्यायचं.

मेकॅनिक : शाब्बास. हे घ्या बिल.

दुकानदार : (बिल बघतो, वही उघडतो, कोरं पान काढतो) नाव कसं लिहू तुमचं? नुसतं मेकॅनिक लिहिलं तर चालंल?

मेकॅनिक : वहीत? उधार? भाऊ, घाट चढून आलो मी!

दुकानदार : वही तुम्हीच काढून दिलीव ना. आजोबाचं पान सातवं, गुरुजींचं बारावं. ही दोन वसूल झाली की तुमचं चुकतं. हवं तर तुम्हीच मागा, इथंच बसलेत.

(बाकडं रिकामं आहे. आजोबा आपल्या बिडीच्या बंडलाकडे निघून गेला आहे. गुरुजी दारात एक पाय बाहेर टाकून उभे आहेत.)

मेकॅनिक : (उसासा टाकून) लिहा. बावीसवं पान टाका.

दुकानदार : आन गॅरंटी?

मेकॅनिक : एक वर्ष. त्रेचाळीसपर्यंत.

दुकानदार : गुरुजी, जाता जाता मोबाइलात बघा हो, आत्ता किती झालंय?

गुरुजी : बेचाळीस पूर्णांक आठ.

दुकानदार : (पेन मेकॅनिकच्या हातात कोंबत) लिहा, लिहा, लवकर सही करा!