झाकली मूठ साडेआठशेची

जानेवारीत जिममध्ये दोन गोष्टी नव्या दिसतात. माणसं आणि ग्लोव्हज. संक्रांतीचा तिळगूळ संपेपर्यंत माणसं पांगतात. ग्लोव्हज मात्र सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘फक्त दोनदा वापरलेले’ म्हणून विक्रीला येतात. घेतं कोण? पुढच्या जानेवारीतला.

वजन अजून एकही उचललेलं नाही, पण उचलल्यावर हाताला त्रास नको याची तजवीज झालेली असते. दूरदृष्टी म्हणतात ती हीच.

निवडताना पहिला प्रश्न रंगाचा. दुसरा, पट्टा किती रुंद. तिसरा, गादी किती जाड. तळहात किती रुंद, हे गिऱ्हाईकही विचारत नाही आणि दुकानदारही. खरं तर शिंप्याची टेप पुरते. अंगठा सोडून, चार बोटांच्या मुळाशी पंजाभोवती एक वेढा. अर्ध्या मिनिटाचं काम. पण त्या मापाने ‘मीडियम’ निघाला तर? मग ‘लार्ज’ मागवायचा. स्वतःहून मीडियम मागणारा पुरुष अजून जन्माला यायचाय.

सैल ग्लोव्हजचं पुढे काय होतं? आत कापडाला घडी पडते, घडी कातडीला घासते, आणि जे घट्टे टाळायला पैसे मोजले ते ऐटीत पडतात. गादीसकट.

आता त्या गादीकडे वळू. ‘जेल पॅडिंग’ एवढं ऐकलं की आपलं पाकीट आपोआप उघडतं. वेटलिफ्टिंगच्या स्पर्धेत पुरुषांचा बार २८ मिलिमीटर जाड असतो, बायकांचा २५. एवढ्या जाडीला बोटं पुरती वळतात, अंगठा त्यांच्याखाली दाबून मूठ कुलूपबंद करता येते. त्यात घाला पाच मिलिमीटरची गादी. बार तोच, वजन तेच, पण बोटांचा वेढा अपुरा. पाठ दमायच्या आधी पंजाच हार मानतो, आणि आपण म्हणतो, आज बॅक मस्त लागली.

गंमत पुढेच आहे. त्याच दुकानात, त्याच रॅकवर रबराच्या जाड नळ्या मिळतात. बारवर चढवायच्या. कशाला? तर बार जाड व्हावा, पकड अवघड व्हावी, पंजाला व्यायाम मिळावा म्हणून. म्हणजे पकड अवघड करायची तर जाडी विकत घ्या, आणि सोपी करायची तरी जाडीच घ्या.

दुकानदार दोन्हींचं बिल एकत्रच करतो.

बारवरची खरखरीत नक्षी कधी बोटाने चाचपून पाहिलीय? भोसरीतल्या कुठल्याही टर्नरला विचारा. नर्लिंग, म्हणेल. मुद्दाम काढलेलं. चकचकीत दांडा हातातून निसटतो, म्हणून त्याला चरे पाडायचे, कातडीत रुतायला. त्या चऱ्यांचे पैसे जिमने मोजले. ते झाकायचे आपण मोजतो.

‘अहो, पण तळहात सोलतो!’

सोलतो ना. बार तळव्याच्या मधोमध धरला की वजनाने तो खाली घसरतो आणि वाटेतली कातडी गोळा करत बोटांच्या मुळाशी तिला चिमटीत धरतो. रोज तीच वळी, रोज तोच चिमटा. वळी जाड होते आणि एक दिवस सालासारखी उचकटते. मग बार आधीच बोटांच्या मुळाशी धरला तर? घसरायला जागाच उरत नाही. तरीही घट्टा उंच झालाच, तर आंघोळीनंतर टाचेची वजरी हलकेच फिरवायची आणि वर खोबरेलाचं बोट. ब्लेड नको. वजरी असते वीस-तीस रुपयांची. तिचं अनबॉक्सिंग कोण दाखवणार?

बरं, सोलायच्या जागी हे ग्लोव्हज तरी काय दिवे लावतात? बेंच प्रेसला वजन तळव्यावर टेकतं. तिथे गादी गुमान बसून राहते, पण तिथे कातडीला धोकाही फारसा नसतो. डेडलिफ्टला, पुलअपला वजन बोटांना लोंबकळतं. तिथे गादी गोळा होते, सरकते, आणि पंजाला घेऊनच बारवरून निघते. गरज नसताना हजर, गरज पडली की गायब. अगदी आपल्या वॉर्डातल्या नगरसेवकासारखी.

नियमांचं म्हणाल, तर पॉवरलिफ्टिंगच्या आंतरराष्ट्रीय महासंघाला स्पर्धेत ग्लोव्हज चालत नाहीत. ऑलिंपिकचं वेटलिफ्टिंग जरा उदार आहे. तिथे अर्ध्या बोटांचे चालतात. चालतात, पण घालतं कोण? मीराबाई चानूने टोकियोत ११५ किलो डोक्यावर नेले, ते ४९ किलोच्या गटात. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला ५५ किलो गटात एकूण २४८ किलो उचलून राष्ट्रकुल स्पर्धेचं रौप्य आणलं. दोघांपैकी कुणाच्या ग्लोव्हजचा रंग आठवतोय? त्यांच्या खेळात मंचाशेजारी चॉकचं भांडं असतं. मॅग्नेशियम कार्बोनेट. घाम शोषतं, जाडी वाढवत नाही, आणि सेल्फीत दिसत नाही.

शेवटचा दोष अक्षम्य.

मग आपणही चॉक लावावं? छे. भिंतीवर पाटी आहे : ‘चॉक वापरण्यास सक्त मनाई’. मॅट खराब होतात म्हणे, एसीत पावडर जाते. ठीक. पण अर्धी बाटली परफ्यूम फवारून येणाऱ्याला मनाई नाही आणि बाकावर घामाचं तळं ठेवून उठणाऱ्यालाही नाही. पाटीखाली काउंटर. काउंटरवर ग्लोव्हज. साडेआठशे.

आपल्याकडे मल्लखांबाला एरंडेल चोळतात आणि त्या बुळबुळीत लाकडावर पोरं उलटीपालटी होतात. हाताला फार तर राळ. तालमीत कुणी ग्लोव्हज चढवून मुद्गल फिरवायला आलाच, तर वस्ताद एवढंच विचारेल : ‘काय रे, बोटं भाजली का?’

आणि बोटं अर्धी उघडी का असतात, माहितीये? जाणकार सांगतात, हवा खेळती राहावी, बार जाणवावा. जिममध्ये पाच मिनिटं उभे राहा. उघड्या बोटांनी काय चाललंय ते कळेल. दोन सेटच्या मध्ये रील, दोन रीलच्या मध्ये सेट.

बायकांसाठी निराळा विभाग. रंग गुलाबी, माप लहान, किंमत मोठी. वर ट्रेनरची प्रेमळ सूचना : ‘मॅडम, नाहीतर हात रफ होतील.’ मॅडम घरी धुणं, भांडी, फरशी उरकून आलेल्या असतात. त्या हातांची चिंता ट्रेनरला सकाळी सातनंतरच का पडते?

मनगटाच्या पट्ट्याचंही तेच. बेंच प्रेसला मनगट मागे वाकतं, कारण बार बोटांकडे सरकलेला असतो. इथे उलटं हवं : बार तळव्याच्या टाचेवर, हाताच्या हाडाच्या सरळ रेषेत. हे शिकायला दोन मिनिटं लागतात. इलॅस्टिकचा पट्टा आवळायला दोन सेकंद. आपण वेळ वाचवतो. शिवाय पट्टा ट्रेडमिलवरही काढत नाही. चालताना मनगट मुरगळलं म्हणजे?

मग ग्लोव्हज कुणीच घेऊ नयेत? असं कुठे म्हटलं? हाताला इसब आहे, तळव्याला इतका घाम सुटतो की डंबेल निसटतं, किंवा हात हेच भांडवल आहे, अशांनी जरूर घ्यावेत. तबलजीने घ्यावेत, दातांच्या डॉक्टरांनी घ्यावेत. पातळ तळवा, अंगाबरोबर माप, मूठ वळली की आत सुरकुती नाही, आणि काढताना बोटाला धरून ओढायला छोटीशी पट्टी. झालं. हे सगळं बहुधा दुकानातल्या सर्वांत साध्या जोडीत असतं, म्हणून ती खालच्या कप्प्यात असते.

बाकीच्यांसाठी एक बातमी, जुनीच. २०१५ मध्ये ‘लान्सेट’ने १७ देशांतल्या सुमारे १ लाख ४० हजार माणसांचा अभ्यास छापला. भारतही त्यात होता. मुठीची ताकद ५ किलोने कमी, तर मृत्यूचा धोका साधारण १६ टक्के जास्त. वरच्या रक्तदाबापेक्षा मुठीने अंदाज बरा दिला. मूठ हे कारण नव्हे, खूण आहे, हे खरं. पण आपण काय करतो? रक्तदाब मोजायचं यंत्र घरी आणतो आणि मूठ मनगट बारला बांधणाऱ्या स्ट्रॅपच्या स्वाधीन करतो. हलक्यातल्या हलक्या सेटलासुद्धा.

राहता राहिला पावसाळा. जूनमध्ये चामड्याचे ग्लोव्हज ओल्या नॅपकिनबरोबर बॅगेत कोंबायचे आणि चेन लावायची. चार दिवसांनी उघडली की तळव्यावर हिरवट बुरशी, वेलक्रोत नॅपकिनचे धागे, आणि वास असा की शेजारच्या बाकावरचा आपण होऊन उठतो. चला, बाक तरी रिकामा मिळाला.

धुवावेत तर आत लेबल आहे. मशीनमध्ये नको, फक्त हाताने. कुणाच्या हाताने, ते लिहिलेलं नसतं. लिहायची गरजही नसते. ग्लोव्हज बाथरूमच्या बादलीत पडतात आणि संध्याकाळी दोरीवर वाळत असतात. मध्ये आई येऊन गेलेली असते.

तिने मागे एकदा भांडी घासायला रबरी ग्लोव्हज मागितले होते. दीडशेचे. ‘उगाच कशाला खर्च?’ असं उत्तर मिळालं होतं.