पेडण्याचे नवे भाटकार

५ जानेवारी २०२३ पासून गोव्यातील मोपा येथे विमाने उतरू लागली, आणि पेडणे महालात भावी भाटकारांचीही (म्हणजे जमीनमालकांचीही) जी अखंड आवक सुरू झाली, तिची जिज्ञासा 'भाडे किती येईल' या प्रश्नापाशी उगम पावून बहुधा तेथेच विलीन होते. जमिनीच्या एक-चौदाच्या उताऱ्यात कैलासवासी पणजोबांसह अर्धे गणगोत सुखेनैव नांदत आहे, पोर्तुगीज अमदानीतून आलेल्या दिवाणी कायद्याप्रमाणे विक्रेत्याच्या सहधर्मचारिणीचीही सही लागते, आणि दलालाने जिला 'अडगळीची खोली' म्हटले तिच्या उंबऱ्यावर अडकित्त्याने सुपारी कातरीत बसलेले वृद्ध गृहस्थ १९७५ च्या कायद्याने संरक्षित मुंडकार, म्हणजे भाटकाराच्या संमतीने त्याच्या जागेत घर करून राहिलेले रहिवासी, आहेत, हे सारे ज्ञान या भावी भाटकारांना बयाणा दिल्यानंतरच प्राप्त होते. (दलालास ते आधीपासून असते, पण त्याला कोणी विचारीत नाही.)

डिचोलीची तऱ्हा निराळी. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली जेथे खाणी बंद पडल्या, त्या तालुक्यात खोल्या बांधू इच्छिणाऱ्या एका उत्साही गृहस्थांनी 'भाडेकरू कायमचा मिळेल ना?' अशी पृच्छा केली, तेव्हा १९६८ चा भाडे-नियंत्रण कायदा कोळून प्यालेले वकीलसाहेब अत्यंत गांभीर्याने म्हणाले, "त्याची चिंताच नको."