बारा इंची पाऊस

पेठेतल्या साठ वर्षांच्या दुमजली घरात बाथरूमचं काम निघालं, की पहिली खरेदी पाइपांची होत नाही. आधी येतो तो जेवणाच्या ताटाएवढा बारा इंची रेन शॉवर. तो खोक्यातून काढून पाहुण्यांना दाखवला जातो. टाइल्सच्या रंगावर तीन रविवार जातात. पाइप कुठले घालायचे, हे प्लंबर जिना उतरता उतरता विचारतो आणि ‘घाला हो चांगले’ एवढ्यावर विषय मिटतो.

आता या ताटाचं गणित. पाण्याला दाब मिळतो तो उंचीतून. दहा मीटरला साधारण एक किलो प्रति चौरस सेंटिमीटर. गच्चीवरच्या टाकीचा तळ शॉवरच्या जेमतेम सहा फूट वर. म्हणजे एक किलोच्या पाचव्या हिश्श्याहूनही कमी दाब, आणि तो शंभरावर छिद्रांत वाटायचा! उद्घाटनाच्या दिवशी घरमालक काकांनी कॉक फिरवला, वर पाहिलं, वाट पाहिली. मधल्या नऊ-दहा छिद्रांतून ठिबक सुरू झाली. टाळूवर तुरळक सरी, उजव्या खांद्यावर शिडकावा. डावा खांदा मात्र थेट पर्जन्यछायेच्या प्रदेशात.

‘प्रेशर पंप लावा, काका.’

पंप टाकीजवळ बसला. आता, बाथरूमच्या भिंतीत नवे सीपीव्हीसी पाइप होते; पण टाकीपासून बाथरूमपर्यंतची पाऊण इंची जीआय लाइन जुनीच. ‘चालू आहे ना, कशाला हात लावायचा?’ या जुन्या लाइनींचा जस्ताचा थर कधीच गेलेला असतो, आत गंजाच्या गाठी धरतात आणि पाणी जायला शिसपेन्सिलीएवढं भोक उरतं. पंपानं त्या गाठी हलवल्या. पहिल्याच जोरदार सरीत काका विटकरी रंगाचे झाले, दुसऱ्या दिवशी शॉवरची छिद्रं बुजली आणि तिसऱ्या दिवशी सूत-सफेद्यानं बांधलेला एक म्हातारा सांधा सुटून खालच्या भाडेकरूच्या छतावर ओलीचा नकाशा उमटला.

अहो, भिंत फोडलेली, प्लंबर हजर, सिमेंट दारात पडलेलं; आणि नेमका तेव्हाच वीस-पंचवीस फूट पाइप बदलायचा कंटाळा येतो! टाइल्स चिकटवण्याआधी हातपंपानं लाइनला दाब द्यायचा, काही तास ठेवायचा, सांधे कोरडे आहेत का बघायचं. एवढीशी चाचणी, पण तीही ‘काका, माझी गॅरंटी’वर सोडून दिली जाते. भिंतीतल्या पाइपांचा एक फोटो कुणी काढून ठेवत नाही. शॉवरचे सतरा निघतात. पुढं गळती लागली, की पाइप शोधायला त्याच महागड्या टाइल्सवर छिन्नी चालते, तीही अंदाजपंचे.

आणि ती तोटी! जुन्या मोरीत जमिनीपासून दीड फुटावर पितळी तोटी होती. ‘लुक जातो’ म्हणून ती उपटली. शॉवर सात फुटांवर. म्हणजे टाकीपासूनची उंची तोटीला जवळपास दुप्पट मिळत होती, आणि दाबही. हे तिला कुणी विचारलं नाही.

पंप सध्या बंद आहे. काकू सकाळी सहाला शॉवरखाली बादली ठेवतात. ती भरेपर्यंत काकांचा पेपर वाचून होतो, छोट्या जाहिरातींसकट. मग ते बादली कोपऱ्यात ओढतात, पाटावर बसून तांब्यानं अंघोळ उरकतात आणि कॉक घट्ट बंद करतात. कडेचं एक छिद्र त्यानंतरही दुपारपर्यंत ठिबकत असतं.